पाच कळसांचा पदर

आमच्या घरात ज्वारीच्या पिठावर पहिला हक्क दोऱ्याचा होता. पिठाची पातळ खळ करून ती ताण्याच्या दोऱ्याला चोपडल्याशिवाय दोरा मागावर तग धरत नाही, तटातट तुटतो. म्हणून पहिली मूठ खळीला. उरलं तर भाकरी, नाही उरलं तर आंबील, आणि तेही नसलं तर आई म्हणायची, "आज दोरा जेवला, आपुन उद्या जेवू." मी खळीच्या मडक्यात बोट बुडवून चाटायचो. आईला ते दिसायचं, पण ती रहाटाकडं बघत दोऱ्याच्या कांड्या भरत राहायची.

आम्ही शहापुरातले कोष्टी. शहापूर तेव्हा संस्थानात आणि शेजारचं बेळगाव इंग्रजांच्या मुलखात. पण माग दोन्हीकडं सारखाच, जमिनीत खड्डा आणि खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस. पावसाळ्यात खड्ड्याला पाणी लागायचं. आप्पा पोत्याचे तुकडे पायाखाली घालून विणत राहायचे. त्यांची पावलं पांढरी पडून सोललेली असायची. पावलांनी दगा दिला नाही, डोळ्यांनी दिला. चाळिशीच्या आत दोन्ही डोळ्यांत फूल पडलं. मग खड्ड्यात आई उतरली. आमच्या गल्लीत बाई मागाच्या खड्ड्यात बसत नसे. तिचं काम कांड्या भरण्याचं, मागाच्या पलीकडं बसून तुटलेले दोरे सांधण्याचं. लोक दारावरून जाताना मान वळवून बघायचे. आई म्हणायची, "बघू देत. बघायला पीठ लागत न्हाय."

या लिहिण्यात मी कुणाचंच नाव घालणार नाही. आमच्या माणसांची नावं घालत नाही, कारण ती कुणी विचारली नव्हती. आणि ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचं नाव घालत नाही, कारण छापलेल्या अक्षरांत त्यांना अजून एक मान मिळावा हे मला मंजूर नाही. त्यांना मी नुसतं मानकऱ्यांचं घर म्हणतो.

आमच्या भागात लुगड्याचा पदर लाल, आणि त्या लालावर पांढऱ्या कळसांची ओळ विणलेली असे. साध्या बाईच्या पदराला तीन कळस. पाच कळसांचा पदर फक्त मानकऱ्यांच्या घरातल्या बायकांनी नेसायचा. असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण गल्लीतल्या पाच वर्षांच्या पोरीलासुद्धा ते ठाऊक होतं. पाच कळसांची लुगडी विणायचा आमचा मामा, आईचा थोरला भाऊ. देवीच्या जत्रेत त्याबद्दल मानकऱ्यांकडून त्याला शेला आणि नारळ मिळे. तो शेला तो वर्षभर खुंटीवर दिसेल असा ठेवायचा.

एका वर्षी मामाला हिवतापानं धरलं. मानकऱ्यांच्या नव्या सुनेचं लुगडं वेळेत हवं होतं. पेठेतल्या दुकानदारानं ते काम आप्पांच्या नावावर आमच्या घरी पाठवलं. आप्पांचे डोळे गेलेत हे त्याला माहीत नव्हतं आणि आम्हीही सांगितलं नाही. विणलं आईनं. रेशमाचा तो लाल रंग अजून माझ्या डोळ्यांपुढं आहे. कळस उठवायला छाप नसतो, साचा नसतो. एकेका ओळीला कुठले दोरे बोटानं उचलायचे ते पाठ असावं लागतं. आईला ते पाठ होतं. पंधरा वर्षं ती मामाच्या आणि आप्पांच्या मागासमोर बसून दोरे सांधत आली होती.

आणि तिथंच चूक झाली. अशी चूक फक्त मागापलीकडं आयुष्य काढलेल्या बाईचीच होऊ शकते. विणकर खड्ड्यात बसतो, त्याला कळस सुलटा दिसतो. बुड त्याच्याकडं, टोक पलीकडं. समोर बसलेल्या बाईला तोच कळस उलटा दिसतो. टोक तिच्याकडं, बुड तिकडं. पंधरा वर्षं आईनं टोक आपल्याकडंच पाहिलं होतं. खड्ड्यात उतरल्यावर तिनं तसंच विणलं. टोक आपल्याकडं ठेवून. तिला काही खटकलं नाही, कारण तिला नेहमी दिसायचं तेच दिसत होतं. विणलेलं कापड रोज चार बोटं गुंडाळलं जाई, पुरा पदर कधी समोर येत नसे. पाचही कळस एकसारखे, एक दोरा इकडचा तिकडं नाही, आणि पाचही तोंडावर पडलेले.

दुकानात लुगडं उलगडलं तेव्हा मी आईबरोबर होतो. दुकानदार गादीवर बसलेला. त्यानं पदर बघितला आणि पान चघळायचं थांबला.

"हे काय करून आणलंस गं?"

"काय झालं, अण्णा?"

"कळस पालथे हाईत."

"बरोबर हाईत की."

"बरोबर? इकडं ये. माझ्या बाजूनं बघ."

आई गादीला वळसा घालून त्याच्या बाजूला गेली. तिथून तिनं पदराकडं बघितलं. तिचा चेहरा कसा झाला ते मी सांगत नाही, तिला ते आवडलं नसतं. ती एवढंच म्हणाली, "व्हय. चुकलं."

"हे त्या घरात धाडलं तर माझं दुकान बसंल. नव्या सुनंला पालथा कळस? ने घरी. तूच नेस."

दुकानदार हे रागानं बोलला की दयेनं, ते मला आजही ठरवता येत नाही. पण त्यानं शब्द दिला होता, तूच नेस. आणि आईकडं तेव्हा दुसरं धड लुगडं नव्हतं.

जत्रेच्या सकाळी ती ते नेसली. आप्पा उंबऱ्याशी बसले होते. त्यांनी हात पुढं करून पदर चाचपला.

"नगं नेसू. पाच हाईत."

"उलटे हाईत. उलट्या कळसाला कळस कोण म्हनतंय?"

"हाताला पाच लागतात."

"लोक हातानं बघत न्हाईत, डोळ्यानं बघतात. आन् देवीपुढं फाटकं नेसून जाऊ व्हय मी?"

माझ्या सगळ्या शिक्षणात मला याहून मोठा प्रश्न भेटला नाही. उलटा केलेला कळस कळस राहतो का? आई म्हणत होती, राहत नाही. आप्पा म्हणत होते, राहतो. निकाल दोघांनी लावायचा नव्हता.

देवळाच्या पायरीवर ओटी भरायची रांग होती. मानकऱ्यांच्या घरची थोरली बाई, तिला सगळे वैनीसाब म्हणत, ओटी भरून परत फिरत होती. पहिला मान तिचा. आईच्या हातात तांदूळ आणि नारळ, डोईवर पदर. वैनीसाब तिच्यापाशी थांबली.

"हा पदर कुणाचा?"

"माझाच, वैनीसाब. मीच विनलाय."

"विणलास म्हणून तुझा झाला व्हय?"

वैनीसाबनं पदराचं टोक हातात धरून उचललं, आणि मग तिला ते पालथे कळस दिसले. तिचा आवाज खाली उतरला. तसा उतरलेला आवाज ओरडण्यापेक्षा वाईट असतो.

"माझ्या घराचे कळस उलटे करून माझ्यापुढं नाचवतीस? कात्री आणा कुणीतरी."

पायरीशी माळीण बसली होती. तिची फुलं कापायची कात्री कुणीतरी आणून दिली. वैनीसाबनं पदर कापला. घाईनं नाही, सावकाश, काठापासून काठापर्यंत. रेशीम कापताना कसा आवाज येतो तो ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे, बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. आई उघड्या डोक्यानं उभी होती. उभी होती म्हणजे खरंच उभीच होती, बसली नाही, रडली नाही, पाया पडली नाही. वैनीसाबनं कापलेला तुकडा तिच्या हातातल्या तांदळावर टाकला.

"घे. कळस तुझेच हाईत. घरी ने."

मामा तिथंच होता, हिवतापातून उठलेला, नवा शेला खांद्यावर घेऊन. त्यानं शेला सावरला आणि तो मागं सरकला.

घरी आल्यावर आईनं लुगड्याची कापलेली कड शिवली आणि ते तसंच बिनपदराचं रोज नेसून फाडलं. तो लाल तुकडा तिनं मागाचं तेल पुसायला घेतला, दोन महिन्यांत काळा होऊन चुलीत गेला. मी तो लपवून ठेवायला बघत होतो. तिनं मला रागे भरलं. "चिंधी हाय ती. चिंधीला काय जपतोस." पण त्यानंतर ती जत्रेला गेली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "देवी हाय तितं हाय. मी हाय हितं हाय." वर्षामागून वर्षं गेली, ओटीचा नारळ शेजारणीबरोबर जाई.

मला सूड पाहिजे होता. हे मी गोड करून सांगणार नाही. मी बारा वर्षांचा होतो आणि त्या वयात मला सुचणारा सूड म्हणजे मानकऱ्यांच्या गंजीला काडी. ती मी लावली नाही, कारण भित्रा होतो. पुढं तो भित्रेपणाच उपयोगी पडला. काडी लावली असती तर गंजी जळाली असती, एवढंच झालं असतं.

मी शिकलो. बेळगावच्या शाळेत चालत गेलो, कोल्हापूरला बोर्डिंगात राहून कॉलेज केलं. आमच्या गल्लीत बी. ए. झालेला मी पहिला. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही, लपवायला मी कुणाच्या उपकारावर शिकलो नाही. तत्त्वज्ञान घेतलं. लोक विचारायचे, त्याचा काय उपयोग? मी म्हणायचो, कळेल.

एकदा वर्गात प्राध्यापक सांगत होते, चिन्ह आणि त्याचा अर्थ यांच्यात निसर्गानं बांधलेली गाठ नसते. लाल रंगात सौभाग्य नाही, पांढऱ्यात वैधव्य नाही. समाज ठरवतो आणि मग ठरवलं होतं हे विसरतो. विसरल्यावर ते पवित्र होतं. सगळे लिहून घेत होते. मी उठून विचारलं, "सर, ठरवतं कोण?"

"समाज."

"समाजात कोण?"

वर्ग हसला. ते चष्मा पुसत म्हणाले, "ते आपल्या पुस्तकात नाही."

"ज्यानं विणलं तो ठरवत नाही?"

"विणलं म्हणजे?"

मी खाली बसलो. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण कळस विणणाऱ्याचा नसतो हे मला त्यांच्या आधी वैनीसाबनं शिकवलं होतं, कात्री हातात घेऊन. दोघांची शिकवण एकच होती. मी त्यात पुढचं पाऊल टाकलं. अर्थ जर लोकांच्या ठरवण्यात असतो, तर तो कापून काढता येत नाही, जाळता येत नाही. तो मारायचा असेल तर एकच वाट. तो सगळ्यांना द्यायचा.

हे लिहितो आहे ते स्वराज्य आलेल्या वर्षी. ऑगस्टात आमच्या शाळेत झेंडा चढवला तेव्हा शिपायानं घाईत तो उलटा बांधला. हिरवा वर, केशरी खाली. हेडमास्तर पांढरे पडले. एक सभ्य गृहस्थ शिपायाच्या अंगावर धावून गेले. म्हातारा शिपाई थरथर कापत होता. मी दोरी माझ्या हातात घेतली, झेंडा उतरवला, सुलटा बांधून परत चढवला आणि त्या गृहस्थांना म्हटलं, "कापड विणताना उलटं-सुलटं बघणाऱ्याच्या जागेवर असतं, साहेब." त्यांना ते कळलं नाही. त्या झेंड्यापुढं माझी मान खाली होते, खोटं कशाला बोलू. पण ज्याच्या नावानं गरिबाला कापरं भरतं ते चिन्ह मी दोनदा तपासून घेतो.

असो. कॉलेज संपल्यावर मला निपाणीच्या शाळेत मास्तरकी मिळाली. निपाणी म्हणजे तंबाखू. वखारींतून तंबाखू कुटायला आणि चाळायला शेकडो बायका. संध्याकाळी त्या सुटल्या की रस्ताभर शिंका. ज्यांच्याकडं मी खोली घेऊन राहिलो त्या मावशी अशाच वखारीत कामाला जात. तोंडाळ आणि मायाळू. त्यांचं माहेर आमच्याच बाजूचं, वडगावचं. दर जत्रेला त्या माहेरी जात. वखारीतल्या कितीतरी बायका तशा होत्या, शहापूर-वडगावकडच्या लेकी, निपाणीकडं दिलेल्या. जत्रेला माहेरवाशिणींनी यायचं ही आमच्या देवीची रीत. आणि माहेरवाशिणीला कुणी दुखवायचं नाही, कारण तिला दुखवलं तर तिच्या सासरच्या गावाशी वैर. हेही कुठं लिहिलेलं नव्हतं.

मला वाट सापडली.

सुट्टीत मी शहापूरला गेलो. गल्लीतल्या विणकरांना आमच्या दारात बोलावलं. म्हटलं, निपाणीच्या बाजारात जाड सुताच्या लुगड्यांना मागणी आहे. रेशीम नको, सूतच. पण पदराला पाच कळस पाहिजेत.

एक म्हातारा म्हणाला, "मास्तर, तू शिकलास म्हणून आमी मार खायाचा व्हय?"

"निपाणीला विकायचं आहे. इथं कोण बघतंय? आणि कळस उलटे विणायचे. कुणी विचारलं तर सांगा, हे कळस न्हाईतच."

मामा भिंतीला टेकून उभा होता. आता केस पांढरे झाले होते. तो म्हणाला, "भाच्या, पाच कळस मी एकटा विनतो म्हनून त्याला पाच कळस म्हनतात. समद्यांनी विनलं तर ती नुसती नक्षी हुईल."

"मला तेच पाहिजे, मामा."

"माझं काय मग?"

"त्या दिवशी पायरीवर तुमच्या खांद्यावर शेला होता. आईच्या डोक्यावर काय होतं?"

मामा गेला. नंतर तो मरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मामाबद्दल मला वाईट वाटतं असं लिहायला हवं. थोडं वाटतं. त्याच्या बोटांत जे होतं ते गल्लीत दुसऱ्या कुणाच्या बोटांत नव्हतं, आणि मी त्याला एका रात्रीत साधा विणकर केला. पण वाईट वाटतं म्हणून मी थांबलो असतो का, तर नाही.

उलटे कळस कुणालाच विणता येत नव्हते. सगळ्यांची बोटं सुलटी. मग आई उठली. ती एकेका मागासमोर, तिच्या जुन्या जागी, पलीकडं जाऊन बसली आणि तिला दिसायचं तसं सांगत गेली. "टोक तुझ्याकडं घे रं. आता दोन सोड, तीन उचल. न्हाय, मला दिसतंय तसं." खड्ड्यातले बापे तिचं ऐकून बोटं हलवत होते. चार दिवसांत बारा मागांवर उलटे कळस उठले. आईला मी विचारलं नाही की तुला हे का करावंसं वाटतं. तिनंही मला विचारलं नाही.

निपाणीत लुगडी हातोहात गेली. मावशींनी पहिलं घेतलं. रविवारी अंगणात पदर झटकून बघत म्हणाल्या, "मास्तर, ह्यो कळस वतायला लागलाय बघा."

"काय?"

"मोठ्या घरच्यांचा कळस नुस्ता हुभा असतोय, भरून. कुनाला काय देतोय? आमचा पालथा हाय. समदं आमच्यावरच वततोय."

दुसऱ्या आठवड्यात वखारीत सगळ्या त्याला वतता कळस, म्हणजे ओतणारा कळस, म्हणू लागल्या. नवी सून आली, बाळंतीण उठली, की वतता कळस नेसवायच्या. मला आधी रागच आला. मी ते त्या घराच्या नाकावर टिच्चून विणवून घेतलं होतं. माझ्या लेखी ती शिवी होती आणि या बायकांनी तिचा आशीर्वाद करून टाकला होता. मला विचारलंसुद्धा नाही. मग लक्षात आलं, मला तरी त्यांनी का विचारावं. ठरवायचा हक्क मी वैनीसाबकडून काढून घेत होतो, तो स्वतःच्या खिशात घालायला नव्हे. हे मला पटायला जरा वेळ लागला. सूड मात्र मी सोडला नाही.

जत्रा आली. निपाणीच्या गाड्यांतून माहेरवाशिणी उतरल्या. मी देवळासमोरच्या झाडाखाली उभा होतो. रांगेत तीस-पस्तीस बायका, सगळ्यांच्या डोक्यावर पदर, खाली बघत चालणाऱ्या, आणि जिकडं बघावं तिकडं पाच पांढरे कळस. गाभाऱ्यातला गुरव म्हातारा होता. बायकांची तोंडं त्याला दिसत नसत, बायकाही मान वर करत नसत. तो वर्षानुवर्षं प्रसाद घ्यायला पसरलेला पदर बघायचा आणि पाच कळस दिसले की मानकरीण म्हणून पुढं बोलवायचा. त्यानं सवयीनं पाच मोजले.

"या वैनीसाब, पुढं या. पयला मान तुमचा."

पुढं झाल्या मावशी.

"मी व्हय?" मावशी म्हणाल्या.

"तुमीच. भरा ओटी."

मावशींनी भरली. एकदा शिंकल्याही, तंबाखू अंगातच असतो. मागं खरी वैनीसाब सुनेला घेऊन उभी होती. तिनं सगळ्या पदरांवरून नजर फिरवली. माळीण पायरीशी होती, कात्रीही होती. पण कात्री किती जणींना लावणार? या कुणाच्या सुना, कुठल्या कुठल्या गावच्या. गुरव पुढच्या बाईला म्हणाला, "या वैनीसाब." मग तिच्यानंतरच्या बाईलाही तेच. सातव्या-आठव्या बाईला तो गोंधळला आणि म्हणाला, "रांगेनं या बया, रांगेनं."

मी झाडाखाली हसलो. एकटाच. मला ते हसू अजून आठवतं आणि अजून आवडतं.

वैनीसाब गप्प बसणारी बाई नव्हती. तिनं मामाला बोलावून घेतलं आणि सांगितलं, सात कळसांचा पदर विण, रेशमात, पुढल्या जत्रेला. मामानं विणला. गल्लीतल्या लोकांनी मला येऊन सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी आता आठाचा विणवून घेईन. मी म्हटलं, काहीच करायचं नाही. माझा अभ्यास तेवढा झाला होता. पाच कळसांचा मान लोकांनी तीन-चार पिढ्या पाठ केला होता. सातांचा कुणी कधी ऐकला होता? चिन्ह उचलून दाखवणारा एकटा असून भागत नाही, वाचणारे लागतात.

पुढच्या जत्रेला वैनीसाब आली. मामानं जीव ओतला होता, खोटं बोलणार नाही. तसा पदर मी पुन्हा बघितला नाही. सात कळस, सुलटे, एकेक जणू चांदीचा. ती मुद्दाम उशिरा आली, सगळ्यांना दिसावं म्हणून. बायकांनी बघितलं. बघून आपापसांत बोलत राहिल्या. कुणी बाजूला सरलं नाही. कुणाला सरायचं असतं हेच माहीत नव्हतं. गुरवानं तिचा पदर निरखून बघितला, मोजला, आणि सातांचं काय करायचं ते न सुचून म्हणाला, "रांगेनं या."

ती रांगेच्या शेवटी गेली. तिच्यापुढं मावशी होत्या. मावशींनी वळून तिच्या पदराकडं बघितलं, मनापासून, बाईनं बाईच्या लुगड्याकडं बघावं तसं. बोटानं चाचपलाही.

"वैनी, लई भरलाय तुमचा पदर. कुठल्या बाजारातनं घेतलासा?"

वैनीसाब समोर देवळाकडं बघत राहिली. मावशींना वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. आसपासच्या चार-पाच जणीही वळल्या. एक म्हणाली, "सात हाईत गं. विननाऱ्याचा हिशेब चुकला वाटतं." दुसरी म्हणाली, "चुकला तर चुकला, बरा दिसतोय की."

मी जवळ उभा होतो. मला तिचा चेहरा बघायचा होता, म्हणून झाड सोडून पायरीपर्यंत आलो होतो. एका माणसानं मला ओळखलं आणि म्हटलं, "मास्तर, बायकांच्या रांगेत काय करताय?" मी म्हटलं, "आईला सोडायला आलोय."

आणि ते खरं होतं. त्या सकाळी आईनं मला न विचारता पेटीतून लुगडं काढलं होतं. तिनं स्वतः विणलेलं, सुती, उलट्या पाच कळसांचं. आप्पा तोवर वारले होते. उंबऱ्यापाशी ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, "चल रं, रांग वाढंल."

ती वैनीसाबच्या पुढं होती, मावशींच्याही पुढं, तेरावी की चौदावी. दोघींनी एकमेकींना बघितलं. वैनीसाबनं आईचा पदर बघितला, पालथे कळस बघितले. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. पण तिचा हात तिच्या स्वतःच्या सात कळसांच्या पदरावर होता, आणि ती तो घट्ट धरून होती.

आईचा नंबर आला. गुरवानं वर न बघताच म्हटलं, "भरा बया."

आईनं ओटी भरली, पदर पसरून प्रसाद घेतला आणि त्याच पदरात बांधून पायऱ्या उतरून आली. तिच्या पदराला कुणी हात लावला नाही. वैनीसाबची ओटी त्यानंतर, तिच्या रांगेनं भरली गेली. आमच्या भागात आज पाच कळसांचा पदर कुणाच्याही घराचा नाही. ज्या बाईला हवा ती नेसते, आणि देवीपुढं पहिला मान जी आधी येते तिचा असतो.